साडूंचं कांदासंशोधन

माझ्या साडूंनी ज्याचा रक्तदाब मोजला नाही, असा माणूस त्या काळच्या चिंचवडमध्ये शोधून सापडला नसता. आणि सापडलाच असता, तर तो पळण्यात फार तरबेज असला पाहिजे. मी आणि हे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, एकाच कारखान्यात होतो. मी स्टोअरमध्ये, ते तपासणी खात्यात. मशिनवरून उतरलेला भाग मोजायचा आणि केसभर फरक दिसला की लाल रंग फासून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. घरीसुद्धा ताईंनी वाढलेली पोळी ते आधी उजेडाकडे धरून बघत. "कडेला जाड आहे," म्हणत, आणि मग निमूटपणे खात. ताईंचं त्यावर एकच उत्तर असे, "लाल रंग लावायचा राहिला."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक आमच्या कॅन्टीनमध्ये हृदयविकारावर व्याख्यान द्यायला आले. तासभर काम बंद म्हणून आम्ही सगळे खुशीत डुलक्या काढत होतो. प्राध्यापक सांगत होते, हृदय आणि रक्तवाहिन्या का बिघडतात हे अजून पुरतं उमगलेलं नाही, त्यासाठी पुष्कळ माणसांची वर्षानुवर्षं मोजमापं घ्यावी लागतील. 'मोजमापं' हा शब्द ऐकला आणि साडू ताठ झाले. त्याच आठवड्यात त्यांनी दवाखान्यातून बाद झालेलं पाऱ्याचं यंत्र मिळवलं, खोलून दुरुस्त केलं, चांगल्या यंत्राशी ताडून पाहिलं, आणि कंपनीच्या डॉक्टरांकडून ते वापरायला शिकले. आणि मग कुणाचाच दंड सुरक्षित राहिला नाही. प्रत्येकाचा रक्तदाब तीनदा घ्यायचा, हा नियम. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "एकदा मोजलेलं म्हणजे ऐकीव."

थेरगावच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाला बोहल्याजवळच गाठलं. अक्षता पडण्याआधी आणि पडल्यानंतर रक्तदाबात काय फरक पडतो, हे त्यांना बघायचं होतं. दंडाला पट्टा बांधलेला नवरदेव पाहून मुलीकडच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली, आणि मुलीचे मामा पुढे येऊन म्हणाले, "काय आजार आहे ते आत्ता सांगा." भटजी थांबले. साडू शांतपणे पारा बघत होते. "मुलगा निकोप आहे. फक्त घाबरलाय," ते म्हणाले. "घाबरला नसता तर मी नाकारला असता." लग्न लागलं, पण साडूंना पंगतीत मुलीकडच्यांपासून लांब बसवलं.

पुढे चाकणच्या बाजारात एका हमालाने त्यांना सांगितलं, "कांदा खाल्ला की रगत पातळ ऱ्हातं साहेब." झालं. साडूंना विषय मिळाला. तेवढ्यात चातुर्मास लागला, आणि आमच्या सासूबाई नि ताई कांदा-लसूण सोडून बसल्या. साडूंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तुलनेला लागणारी बिनकांद्याची माणसं घरातच तयार झाली होती. मला न विचारता कांद्याच्या गटात टाकलं. रोज जेवताना एक कच्चा कांदा, तोही त्यांच्यादेखत. पंधरा दिवसांत कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा कायमची रिकामी झाली. इकडे सासूबाईंचा रक्तदाब नेमका दूधवाल्याशी भांडण झाल्यावर घेतला गेला. पारा चढला तसे साडू हरखले. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हा कांद्याचा नाही, पाण्याचा दोष आहे. दुधातल्या."

कांद्याच्या गटाचे मुकुटमणी मात्र महाळुंग्याचे दादा. ते फोर्जिंगमध्ये हॅमरवर होते. धडधडणाऱ्या त्या धुडाखाली लाल लोखंड धरावं तर दादांनीच. जेवताना बुक्की मारून कांदा फोडत आणि भाकरीबरोबर एकाला दोन खात. हा माणूस आपलं म्हणणं सिद्ध करणार, याची साडूंना खात्री होती. त्यांनी पट्टा बांधला, पारा पाहिला, पुन्हा पाहिला. तीन दिवस रोज तीनदा मोजलं. आमच्या सगळ्यांत जास्त रक्तदाब दादांचा होता.

दादा हळूच म्हणाले, "साहेब, दवाखान्यात सांगू नका. हॅमरवरनं काढत्याल मला."

"नाही सांगणार," साडू म्हणाले.

त्यांनी तो आकडा वहीत लिहिला आणि खाली नोंद केली, 'कांद्याचा उपयोग दिसत नाही.' मी म्हणालो, "एवढा एक माणूस वगळला तर तुमचं म्हणणं खरं ठरतं की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला अंगावर लाल रंग लागल्यासारखं वाटलं. "माल नाकारतात, राव. माप नाकारत नाहीत."

पण त्यांचं जेवणात लक्ष लागेना. रोज सुट्टीत ते दादांना दवाखान्यात चला म्हणून विनवत, आणि दादा हसून उडवून लावत. आठवड्याने साडू एकटेच डॉक्टरांकडे गेले आणि वही उघडून समोर ठेवली. दादांना गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांना हॅमरवरून उचलून हत्यारांच्या खोलीत पाने नि छिन्न्या वाटायला बसवलं. त्या दिवशी दादा साडूंच्या टेबलापाशी आले.

"तुमी शब्द दिला व्हता साहेब."

"हो, दिला होता."

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर दादा त्यांच्याशी कधीच बोलले नाहीत. साडूंनीही यंत्र डॉक्टरांना परत देऊन टाकलं. लग्नकार्यात लोक त्यांना बघून उगाच बाह्या वर करत, आणि ते नुसते हसत.

ऐंशी साल उलटल्यावर दादा निवृत्त झाले. वरच्या मजल्यावर तपासणी खात्यात पेढे वाटायला स्वतः आले. मी काही कामाने तिथेच होतो. प्रत्येकाच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला, माझ्याही ठेवला, आणि साडूंचं टेबल ओलांडून खाली निघून गेले. मला फार राग आला. माझा पेढा मी साडूंपुढे धरला.

"तो तुम्हाला दिलाय," ते म्हणाले. मग उठून खिडकीशी गेले. खाली दादा फाटकाकडे चालले होते.

"दोन जिने चढून आले," साडू म्हणाले. "धाप लागली नव्हती. पाहिलंत ना?"

मी पाहिलं नव्हतं. तरी हो म्हणालो.