आण्णाचा डबा

दोन हजार चोवीस साल, मला त्र्याहत्तरावं लागलेलं. उंबऱ्यावर बसून चहा घेत होतो, तेव्हा दवाखान्यातून माझ्या पोराचा, महादेवाचा फोन आला. "तात्या, आण्णा गेले." एवढंच बोलला. मान वर केली तर समोर दुसरं काय दिसणार... आण्णाचा डबा. आमच्या दारातून आभाळ दिसत नाही, डबाच दिसतो.

आण्णा माझा थोरला भाऊ. आम्ही धनगर, मूळ माळशिरसकडचे. मी लवकर गिरणीत लागलो, कुंभारी गावात घर बांधलं. आण्णा मेंढरांमागं फिरत राहिला, लग्न केलं नाही, सगळा संसार एका घोड्यावर मावायचा. गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकून माझ्याकडं आला, पण एकटा नाही आला. बोटीवर माल नेतात तसला जुना लोखंडी कंटेनर ट्रेलरवर घालून आला. "घोंगडी, लोकर, वाघर कुटं ठिवू? तुझ्या घरात वास मारंल," म्हणाला. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. गल्लीनं त्या कंटेनरला डबा नाव पाडलं.

आता चूक त्याची होती, हे मी आजही सांगीन. मी तेव्हा घरी नव्हतो. आमची रीत अशी, की वाघरीचं तोंड आपल्या बिऱ्हाडाकडं ठेवायचं, म्हणजे लांडगा आला तर आधी माणसाशी गाठ पडंल. आण्णानं क्रेनवाल्याला तेच सांगितलं. डब्याचं तोंड बरोबर घराच्या दारासमोर, मधे जेमतेम दोन माणसांची वाट. डाव्या हाताला शेजाऱ्याची भिंत, उजव्या हाताला रस्ता. डब्याचं दार उघडलं की आडवं येऊन आमच्या भिंतीला टेकायचं आणि रस्त्याकडं जायची वाट बंद. आण्णा डब्यात बसला की आम्ही घरात कोंडलेलो. आम्हाला बाहेर पडायचं तर दार लावून त्याला आत अंधारात कोंडायचं. क्रेन परत बोलावू म्हणेपर्यंत वरून विजेच्या तारा गेल्या, क्रेन काही येईना.

माझी बायको गंगू पिठाचा डबा घेऊन उभी राहायची. "भावजी, दळणाला जायचंय."

"जा की. लाव दार."

"भायेर या की मग."

"कशाला? मेंढरू हाय मी, कोंडलं तर काय हुतंय." आणि ती परत येऊन कडी काढायला लागली, की आतून विचारायचा, "लांडगा हाय का गंगू?"

आमची दोघांची मात्र रोज जुंपायची. "धाकल्या, घराला रस्त्याकडनं दार पाड की."

"घर आधीचं हाय. तुझा डबा हलव."

"त्यो का शेळी हाय, हाकलायला?"

एकाच बापाचे आम्ही, मागं कोण सरणार... वर्षं गेली तशीच.

दिवसकार्य झालं आणि महादेव म्हणाला, "तात्या, गॅस कटरनं कापू, भंगारात घालू. आईला वाट तर हुईल." पोराचं खोटं नव्हतं.  दुपारी डबा उघडून आण्णाच्या घोंगडीवर जाऊन बसलो. गंगू दारात आली. "अवो, भायेर या, मला जायचंय."

"जा की. लाव दार."

तिनं माझ्याकडं बघितलं, अन् लावलं.

अंधार कसला म्हणता... डोळा मिटला काय, उघडा काय, सारखंच. पत्रा तापलेला, लोकरीचा उबट वास, हाताखाली वाघरीच्या गाठी. दम कोंडायला लागला. तरी कान उघडे होते. आमच्या घरातलं सगळं तिथं ऐकू येत होतं. नळाचं पाणी, सुनेची बडबड, महादेवाचा खोकला. आण्णा इतकी वर्षं तिथं बसून आमची राखण करायचा, का नुसता घर ऐकत बसायचा... मला अजून कळत नाही.

गंगूनं कडी काढली तेव्हा मी घामानं भिजलेलो. "काय ठरलं मग?" तिनं विचारलं.

"कापायचं न्हाय."

"मग मी काय जल्मभर हितंच कोंडून ऱ्हाऊ?"

"न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवंड्याला बोलावलं. रस्त्याकडच्या भिंतीवर कोळशानं चौकट आखली आणि पहिला घाव मीच घातला. विटा निघाल्या तसं चुलीपर्यंत ऊन आलं. जुनं दार बुजवायचं का, गवंड्यानं विचारलं. मी नको म्हटलं. आण्णाकडं जायला ते लागतं.