आबांची चंची

सेलूच्या कॉलेजात असताना आमचं सेवा योजनेचं शिबिर माझ्याच गावात लागलं. विषय तंबाखूचा. भाषणांनी काही होणार नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. म्हातारी माणसं माना डोलवत ऐकायची, ऐकता ऐकता तंबाखू मळायची आणि वर आमच्याच पुढं चंची धरायची. पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्यातल्या एका मुलानं तोड काढली. गावातल्या वजनदार माणसानं सभेत सगळ्यांसमोर आपली चंची पोरांच्या हवाली करायची. "एकानं जसं केलं तसं बाकीचे करतेत," तो म्हणाला.

वजनदार माणूस म्हणजे माझे वडील, आबा. गालात कायम तंबाखू. तो मुलगा मला घेऊन शेतावर गेला आणि बांधावर उभा राहून आबांशी हुज्जत घालत बसला. आबांना गंमत वाटली. "लय बोलतंय की हे लेकरू," म्हणाले आणि कबूल झाले. लेकीच्या कॉलेजातलं पोर, एवढीच ओळख त्यांना पुरली. माझे तर पाय जमिनीवर नव्हते.

सभेत सरपंचांनी त्या मुलाचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. नामांतराचे दिवस होते. आडनाव कानावर पडलं की माणसं मनातल्या मनात वस्ती ठरवून मोकळी व्हायची. आबांचा चेहरा उतरलेला मला बायकांच्या बाजूनंही दिसला. आता ते उठतच नाहीत, असं वाटलं.

पण उठले. मला हायसं वाटलं. मुलानं दोन्ही हात पुढं केले. आबांनी चंची त्याच्या हातांच्या वीतभर वर धरली आणि सोडून दिली.

आमच्याकडं वस्तीतल्या माणसानं चिमूटभर तंबाखू मागितली की अशीच द्यायची. नाही म्हणायचं नाही आणि शिवायचंही नाही.

टाळ्या पडल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. त्यानं चंची पेटीत ठेवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्याचा अंदाज अगदी बरोबर निघाला. आबांनी जसं केलं तसंच बाकीच्यांनी केलं. एकामागून एक उठले आणि प्रत्येकानं वरूनच सोडली. तो झेलत राहिला. मोहीम फत्ते झाली म्हणून शिबिराला आलेले आमचे सर खूश. परतीच्या एसटीत मी त्याच्या शेजारची जागा रिकामी असून मागं जाऊन बसले. कोणत्या तोंडानं बसणार?

आबांनी तंबाखू मात्र खरंच सोडली, कायमची. आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "त्या पोराच्या हातात चंची दिली, ती दिलीच."

एकदा माझ्यानं राहवलं नाही. "आबा, हातात न्हाई दिली तुमी. वरून टाकली."

आबांना मी काय म्हणतेय तेच कळेना.

"मंग काय झालं? झेलली की त्यानं."