टॉवेलवर उतरलेली मिशी

गरम टॉवेल उचलला आणि माझे हातपाय गार पडले. पांढऱ्या टॉवेलवर एक काळीभोर मिशी उमटली होती. टोकांना दिलेला पीळसुद्धा जसाच्या तसा आला होता. खाली खुर्चीत सोपानआण्णा डोळे मिटून पडले होते. त्यांच्या ओठावर उरलेली मिशी मधे पांढरी, कडेला करडी आणि खाली चिखल झालेली होती.

मी टॉवेल होता तसा परत त्यांच्या तोंडावर घातला. कारण शेजारच्या खुर्चीत कामथडीचा मंगेश बसला होता, आणि मघापासून तो याच मिशीला नावं ठेवत होता. मिशीचा मालक हाताच्या अंतरावर आहे हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आता हे नीट सुरुवातीपासून सांगतो.

भोरला एसटी स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं सलून आहे. दोन खुर्च्या, एक बाकडं आणि कारागीर मी एकटाच. लोक मला दिगूमामा म्हणतात. दाढ्या करण्यात जन्म गेला, पण गरम टॉवेलची दाढी मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो. पुण्यात एक ट्रेनिंग होतं. तिथले सर म्हणाले, दाढी ब्लेडनं होत नाही, पाण्यानं होते. मला आधी वाटलं, हा माणूस पुस्तकातलं बोलतोय. पण खरं आहे ते. कोरडा केस कडक असतो. ब्लेड त्याला कापण्याआधी ओढतं, म्हणून मागून तोंडाची आग होते. गरम ओला टॉवेल ठेवला की केस पाणी पितो, फुगतो आणि मऊ पडतो. मग ब्लेड कधी फिरलं ते कळत नाही.

काम सोपं दिसतं, पण आहे निगुतीचं. टॉवेल भिजवून घट्ट पिळायचा, वाफेवर ठेवायचा, काढला की आधी आपल्या मनगटाला लावून बघायचा. हनुवटीखालून धरून दोन्ही बाजूंनी वर गुंडाळायचा. नाक तेवढं उघडं. गिऱ्हाइकानं ओठ हलवायचे नाहीत, नाहीतर टॉवेल सुटतो. आणि गार व्हायच्या आत टॉवेल बदलायचा, कारण गार टॉवेलाखाली केस परत ताठतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

मशीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मी घरातलं इडलीचं भांडं सलूनमध्ये आणलं. बायकोला पत्ता लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता ते घरात आणलंत तर बघा." तेव्हापासून आमच्या घरात इडली बंद आहे. भोरकरांनीही काही आरती ओवाळली नाही. "मामा, दाढीला आलोय, शेकायला काय मी बाळंतीण हाय का?" असं म्हणणारे बरेच भेटले. त्यातले निम्मे आता टॉवेलाशिवाय दाढी करत नाहीत.

तर त्या दिवशी दुकान उघडून मी आरसे पुसत होतो, तेवढ्यात सोपानआण्णा आले. खरं तर आधी मिशी आत आली आणि मागून आण्णा आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, वय साठीच्या पुढं, आणि मिशी नव्या बुटासारखी काळी. मला शंका आली. पण आमच्या धंद्यात रंगवलेल्या मिशीला रंगवलेली म्हणत नाहीत. आणि पक्का रंग वाफेला हटत नाही, त्यामुळं विचारायचं कारणही नव्हतं.

"कुठनं आलात?"

"गुंजवण्यावरनं."

"राजगडाच्या खालनं दाढीला भोरपर्यंत? नसरापूर जवळ पडलं असतं की."

"नसरापुरात समदी वळखीची. हितं कोन वळखत न्हाई." मग त्यांनी दाराकडं बघून घेतलं. "कुनी इचारलं तर मी कोन ते सांगू नगा."

मी गळ्याभोवती कापड बांधलं. "काही कार्यक्रम आहे का?"

"बघायला जायचंय. कामथडीला."

"मुलासाठी?"

आण्णांनी आरशात माझ्याकडं बघितलं, मग खाली पायांकडं. "न्हाई. माझ्यासाठीच."

मी हसलो नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ते सोपं नव्हतं. "चांगलं आहे की," म्हटलं, आणि त्यांना बरं वाटलं. मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली, भातशेती आहे, मुलगी पुण्यात असते आणि तिनंच हे जुळवलंय, असं त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. कामथडीची बाईही विधवा. एकच मुलगा, नोकरीला. फोटो इकडून तिकडं गेलेले, भेट आज पहिली. एवढं बोलून झाल्यावर मी त्यांना मागं टेकवलं आणि पहिला टॉवेल गुंडाळला.

तो नीट बसतो न बसतो तोच मंगेश आला. हे माझं नेहमीचं गिऱ्हाईक. भोरला एका ऑफिसात कामाला आहे, कामथडीहून बाईकवर ये-जा करतो. मनानं सरळ, पण तोंडाला झाकण नाही.

"राम राम पाव्हणं," तो टॉवेलाकडं बघून म्हणाला. टॉवेल गप्प. ओठ हलवू नका असं मीच सांगितलं होतं.

"कोण हे, मामा? बोलत न्हाईत."

आण्णांना शब्द दिला होता. मी म्हटलं, "लांबचे आहेत. मराठी येत नाही त्यांना."

माझ्या डोक्यात होतं, विषय इथं मिटला, मंगेश पेपर वाचत बसेल. झालं उलटंच. मराठी न कळणारा माणूस म्हणजे मंगेशच्या दृष्टीनं दुकान रिकामंच. त्यानं शेजारच्या खुर्चीत बैठक मारली आणि सुरू झाला.

"हाफ डे टाकलाय, मामा. घरी पाव्हणे येणारेत. आईला बघायला."

माझा हात हवेतच राहिला. कामथडीत घरं काय थोडी आहेत, असं मी मनाला सांगून बघितलं. पण त्यानं मोबाईल काढून फोटो माझ्या नाकासमोर धरला. तीच टोपी आणि तीच मिशी.

"साठीच्या पुढचा माणूस, आन् मिशी बघा! कोळसा हाय नुसता. जो मिशीला खोटं बोलतोय तो आईला काय खरं बोलणार?"

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. भुवया उडवल्या, मान हलवली, टॉवेलाकडं बघून डोळे मोठे केले.

"डोळ्यात काय गेलंय का मामा? पाणी मारा."

सलूनमध्ये तोंड झाकलेल्या माणसाचं मन हातावरून कळतं. आण्णांचे हात कापडाखाली खुर्चीच्या दांड्यांवर होते. मिशीचं ऐकून ते नुसते हलले. मग मंगेश म्हणाला, "बायको नकोय त्याला. भाकरी थापायला बाई पायजे फुकटची," आणि कापडाखाली दोन्ही मुठी वळलेल्या मला दिसल्या.

"पण आई काय म्हणते?" मी विचारलं. काहीतरी चांगलं निघावं म्हणून विचारलं.

"आई म्हणती, तू न्हाई म्हणालास तर मी पाव्हण्यांना चहा पाजून वाटंला लावीन, परत विषय काढणार न्हाई." मंगेशचा आवाज जरा उतरला. "आता मी काय बोलू सांगा. बायको पुण्यात नोकरीला, मीबी बदली मागितलीय. आई गाव सोडायला तयार न्हाई. आत्ताच दिवसभर एकटी असती. मालिका लागली की टीव्हीतल्या बायकांना सल्ले देती, मामा. 'अगं, त्याच्यावर भरवसा ठिऊ नको' म्हणती. मोठ्यानं. मी भाईरनं ऐकतो आन् आत जावंसं वाटत न्हाई."

आण्णांच्या मुठी सुटल्या. मला ते बघून फार बरं वाटलं, आणि त्याच नादात मी टॉवेल बदलायला उचलला. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

आता माझी पंचाईत बघा. टॉवेल काढावा, तर अर्धी उतरलेली मिशी नेमकी मंगेशच्या समोर येणार. ठेवावा, तर तो गार होणार आणि दाढी बिघडणार. मी दुसरा गरम टॉवेल काढून जुन्यावरच गुंडाळला. मग जुना खालून ओढून घेतला, घडी करून भांड्यामागं लपवला. थोड्या वेळानं तिसरा. आण्णांचं नाक लालबुंद झालं होतं.

"मामा, माणूस हाय का इडली?" मंगेश म्हणाला. "किती वेळ वाफवताय?"

"राठ दाढी आहे," मी ब्लेड हातात घेत म्हटलं. "वेळ लागतो."

मंगेशनं पुन्हा फोटोकडं बघितलं, आणि एकदम उठून उभा राहिला. "जाऊ द्या. आईला आत्ताच फोन करून न्हाई म्हणतो. त्या माणसाला बी हेलपाटा नको."

तो नंबर शोधायला लागला. मी त्याला अडवायला पुढं झालो. आणि तेवढ्यात टॉवेल बोलला.

"भाकरी मला येती थापता."

मंगेशनं टॉवेलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मामा, ह्यांना मराठी येतं?"

"आत्ताच शिकले असतील," मी म्हटलं.

आण्णांनी स्वतःच्या हातानं टॉवेल काढला आणि उठून बसले. वाफेनं चेहरा बिटासारखा झाला होता. मिशी पांढरी, आणि तिचा काळा रंग ओघळून एका गालावरून थेट कानापर्यंत गेलेला. मंगेशनं फोटो बघितला, चेहरा बघितला, परत फोटो बघितला.

"मीच त्यो," आण्णा म्हणाले. "लाव फोन. न्हाई म्हन आईला, माझी तक्रार न्हाई. पन मंडळी गेल्यापासनं भाकरी मीच करतुया, कालवन बी मीच. बाई भाकरीला नगं मला. कालवन खारट झालं तर खारट झालंय म्हनाया घरात कोन न्हाई. तुझी आई टीव्हीसंगं बोलती. म्या बैलासंगं बोलतो. बैल बी आता तोंड फिरवतोय."

मंगेशनं कानाजवळ नेलेला मोबाईल खाली घेतला. मग हळूच म्हणाला, "आन् मिशी?"

"लेकीनं रंगाची काडी दिली व्हती. फोटोपुरती लावा म्हनली. फोटोत काळी गेली, मग भेटायला पांढरी घिऊन कसं यायचं? सकाळी परत लावली. लाज वाटत व्हती, पर लावली."

मंगेशनं तोंड गंभीर ठेवायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण आण्णा बोलताना तो काळा ओघळ गालावर वरखाली होत होता. आधी मंगेश फुटला. आण्णांनी मान वळवून आरशात बघितलं, आणि स्वतःचं ध्यान बघून तेही हसायला लागले. मी हातातलं ब्लेड आधी खाली ठेवलं, आणि मगच हसलो. धंद्याचा नियम आहे.

मंगेशनं मोबाईल खिशात घातला आणि बाकड्यावर जाऊन बसला. "आधी ह्यांची करा, मामा. आमी संगंच जातो."

इतकी मऊ दाढी मी आयुष्यात केली नाही. एवढे टॉवेल कुणाला दिलेच नव्हते. ब्लेड नुसतं टेकवायचं काम होतं. गालावरचा रंग तेलानं पुसून काढला, मिशी कात्रीनं सारखी केली आणि विचारलं, "पक्का रंग लावू का? माझ्याकडं आहे."

आण्णांनी मंगेशकडं बघितलं.

"नको," मंगेश म्हणाला. "आईला खोटं चालत न्हाई. मिशीतलं बी."

दोघं बाईकवर गेले. मागं बसलेल्या आण्णांनी एका हातानं टोपी धरली होती आणि दुसरा हात मंगेशच्या खांद्यावर ठेवावा की नाही याचा विचार चालला होता. चौकात खड्डा आला तेव्हा ठेवला.

कामथडीला काय झालं ते मंगेशनं पुढच्या दाढीला सांगितलं. त्याच्या आईनं, सुमनताईंनी, पोहे आणून ठेवले. पाहुण्यांकडं बघितलं आणि सरळ म्हणाल्या, "फोटोत काळी व्हती." आण्णा म्हणाले, "भोरात ठिवून आलोय." त्या तशाच आत गेल्या. आणि स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं, थांबेचना. हे सांगताना मंगेशनं डोळे पुसले आणि वर मलाच म्हणाला, "साबण गेला मामा." साबण मी अजून लावलाच नव्हता.

काही महिन्यांनी त्यांचं रजिस्टर लग्न झालं. मला पेढे द्यायला दोघं आले. बायका सलूनमध्ये पाऊल टाकत नाहीत, पण सुमनताई दारातूनच म्हणाल्या, "ती मिशी बघायचीय मला."

तो टॉवेल मी किती धुतला असेल, डाग काही हटला नव्हता. गिऱ्हाइकाला लावता येत नव्हता आणि टाकवतही नव्हता. भांड्यामागून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलगडून उजेडात धरला. मिशी बघितली, मग शेजारी उभ्या असलेल्या आण्णांकडं बघितलं. टॉवेलाची घडी घातली आणि मला परत दिला.

"ही ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच," त्या म्हणाल्या. "म्या नेली ती बरी हाय."

तेव्हापासून टॉवेल गुंडाळायच्या आधी मी प्रत्येकाला विचारतो, मिशीला काय लावलंय आणि जायचं कुठं आहे. ट्रेनिंगमध्ये यातलं काही शिकवलं नव्हतं. आणि शेजारच्या खुर्चीत कुणी येऊन बसलं, की त्यानं तोंड उघडायच्या आत सांगून टाकतो, टॉवेलाखालच्या माणसाला मराठी येतं.