जाबेझ ट्विचेलचा मक्याचा दाणा

टिलबरो गावात कुणाचं डुक्कर दुसऱ्याच्या मक्यात शिरलं की एकच आरोळी उठायची, "जाबेझला बोलवा!" मग जाबेझ ट्विचेल हातातलं काम टाकून धावायचा, डुकराचे मागचे पाय धरून त्याला कोंडवाड्यात नेऊन घालायचा, आणि डुकराच्या मालकाच्या शिव्या खाऊन परत यायचा. खरं तर हे काम नव्या नवऱ्याच्या गळ्यात वर्षभरासाठी थट्टेनं घालायची गावची रीत. पण जाबेझला दोन पोरं झाली तरी ते सुटलं नाही, कारण डुकरं त्याच्याच हाती लागत आणि त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. त्याची बायको मेहिटाबेल त्याला 'डुकरांचे सरदार' म्हणायची, तेही चारचौघांत.

एरवी माणूस असून नसल्यासारखा. स्वतःची वीतभर जमीन नाही, आज याच्या शेतात तर उद्या त्याच्या गोठ्यात. गावच्या सभेत बिनजमिनीच्या माणसाला मत नव्हतं, म्हणून हा दाराशी उभा राहून ऐकायचा. प्रार्थनाघरातली बाकंही ऐपतीप्रमाणे वाटलेली. सर्वांत पुढे गलबतांचे मालक वेनराइट साहेब, मागे शेतकरी, आणि जाबेझ वर माडीवर, खांबाच्या आड. पाद्रीबुवांचा आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता, चेहरा फारसा नव्हता.

त्या हिवाळ्यात सगळं गाव समुद्रापलीकडच्या विलायतेतल्या राजावर भडकलं होतं, आणि मौज म्हणजे प्रत्येकाचा राग वेगळा. वेनराइट साहेबांचं काकवीनं भरलेलं गलबत जकातवाल्यांनी अडकवलं होतं, वर बॉस्टनचं बंदरच बंद. लोहार एल्नाथन क्रॉस्बीला लोखंडाचा कारखाना काढायचा होता, तर विलायतेतला कायदा आडवा आला. शेतकऱ्यांच्या धाकट्या पोरांना डोंगरापलीकडची जमीन हवी होती, राजा म्हणे पलीकडे पाऊल टाकायचं नाही. राजा आपल्या डोक्यावर विलायतेतला बिशप आणून बसवणार, या धास्तीनं पाद्रीबुवांना रात्री स्वप्नात बिशप दिसत. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारी ही माणसं एल्नाथनच्या कोठारात एका ओळीत कवायत करू लागली. जाबेझही जायचा. बंदूक नव्हती, फावड्याचा दांडा खांद्यावर घ्यायचा.

"साहेबांचं गलबत गेलं, ते कळलं," मेहिटाबेल एकदा लापशी ढवळता ढवळता म्हणाली. "तुमचं काय नेलं हो राजानं?"

"माझं? तसं काही नाही नेलं."

"मग तुम्ही कशापायी गोळी खायची?"

"सगळेच जातायत."

"मेंढरंही अशीच जातात. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर पोरांना काय सांगू? बाप कशासाठी गेला? धड कारण सांगा आणि मग खुशाल जा. नाहीतर पलटणीत नाव घालायचं नाही."

जाबेझनं डोकं खाजवलं. बायको बोलली त्यात काही खोट नव्हती. तिला पटल्याशिवाय पलटणीत नाव घालणार नाही, असा त्यानं शब्द दिला. कारण मात्र त्याला काही केल्या सापडेना.

तेवढ्यात, राजाला न जुमानता प्रांतातल्या लोकांनी भरवलेल्या नव्या सभेचा हुकूम आला. पलटणीचा कप्तान यापुढे राजाचा गव्हर्नर नेमणार नाही, कवायतीला येणारे गडीच निवडतील. सगळे गडी, नाव घातलेलं असो वा नसो, जमीन असो वा नसो.

"म्हणजे मीसुद्धा?" जाबेझनं एल्नाथनला विचारलं.

"तूसुद्धा."

"नक्की?"

"अरे बाबा, तूसुद्धा! आता तो भाता ओढ."

निवडणूक आजोबांच्या वेळच्या पद्धतीनं व्हायची होती. मक्याचा दाणा म्हणजे हो, घेवड्याचा म्हणजे नाही. मूठ झाकून हवा तो दाणा टोपीत टाकायचा. दोन्हींचा एकेक दाणा घरून आणायचा. मेहिटाबेलनं घेवड्याचा एक दाणा लगेच दिला, पण मका म्हणताच ती अडली. "घरात आता बियाणाचाच मका आहे. त्याला हात लावायचा नाही. हे भाजलेले घ्या मूठभर. एक टोपीत टाका, बाकीचे वाटेत तोंडात टाका."

प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. पहिलं नाव एल्नाथनचं. तो पडला तर पुढचं वेनराइट साहेबांचं, आणि ते गेली कित्येक वर्षं कप्तान असल्यामुळे त्यांचं नाव आलं की काम झालंच. वयानं वडील म्हणून टोपी फिरवायचा मान त्यांनाच मिळाला. आधी पाद्रीबुवांनी प्रार्थना केली. ती संपता संपेना. मग भाषणं. जाबेझ घाईत घरून उपाशीच निघाला होता, आणि हात खिशात होता.

टोपी समोर आली. जाबेझनं खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. मग दुसरा खिसा. बोटांना लागला तो फक्त घेवडा.

"टाक की रे," वेनराइट साहेब म्हणाले.

"साहेब... माझा मक्याचा दाणा..."

"हरवला?"

"खाल्ला."

छप्पर उडेल असं हसू फुटलं. "डुकरांचा गुण लागला!" कुणीतरी मागून ओरडलं. "पुढे चला, साहेब. एका दाण्यानं काय अडतंय?"

जाबेझचे कान लाल झाले. माडीवरचा तो खांब इथे असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"अडतंय," साहेब म्हणाले. "याचा दाणा पडल्याशिवाय टोपी पुढे जायची नाही."

हसू थांबलं. सगळे वाट पाहू लागले. जादा मका कुणाकडेच नव्हता. साहेब क्षणभर घुटमळले, मग त्यांनी जाकिटाच्या खिशातून आपला पिवळाधमक दाणा काढून जाबेझच्या तळहातावर ठेवला.

"घे. मला हा लागणार नव्हता."

म्हणजे साहेब घेवडा टाकणार होते, हे सगळ्या गावाला कळलं. साहेबांनाही उशिरा उमगलं, आणि मग तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले. जाबेझनं मूठ झाकली आणि दाणा टोपीत सोडला.

एल्नाथन अगदी थोडक्यात निवडून आला. रीतीप्रमाणे त्यानं सगळ्यांना रम पाजली आणि तिथेच अंगणात पहिली कवायत घेतली. वेनराइट साहेब ओळीत जाबेझच्या शेजारी उभे राहिले. "साहेब, पोट आत!" एल्नाथन ओरडला, आणि साहेबांनी जमेल तेवढं आत घेतलं.

घरी जाबेझनं सगळं सांगितलं. मेहिटाबेल हसून हसून चुलीपाशी बसलीच. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे कारण काही मिळालं नाहीच तुम्हाला."

"मिळालं," जाबेझ म्हणाला. "अगं, सगळं गाव थांबलं होतं. साहेब टोपी घेऊन माझ्यापुढे उभे. माझ्यासाठी आजवर कधी डुक्करसुद्धा थांबलेलं नाही. राजानं माझं काही नेलं नाही, कारण नेण्यासारखं होतंच काय? आज पहिल्यांदा काहीतरी हाती आलंय. ते मी जाऊ देणार नाही."

मेहिटाबेलनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. तिला भीती वाटत होती, आणि नवऱ्याचा इतका अभिमान तिला लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

"जा मग," ती शेवटी म्हणाली. "पण पुढच्या निवडणुकीला घरून जेवून जायचं."