कुठपर्यंत पळायचं?

लेकीच्या पहिलीच्या प्रवेशाचे दोन फॉर्म घरात पडून आहेत. जवळच्या शाळेला मैदानच नाही. मैदानवाली शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे, आणि तिथे ना सिग्नल, ना झेब्रा.

"हातपाय धड राहिले तर खेळेल ना ती?" नवरा म्हणाला.

तरी आज तिला घेऊन पलीकडे गेले. शाळा सुटलेली, मैदान रिकामं. फाटकातल्या शिपाईमावशी म्हणाल्या, "सोडा की हात, ताई. पळू दे." मी सोडला. पोर दहा पावलं पळाली आणि थांबली. मागे वळून म्हणाली, "आई, कुठपर्यंत पळायचं?"

फ्लॅटच्या पॅसेजमध्ये वाढलेली पोर. तिचं प्रत्येक पळणं भिंतीशी संपलेलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. गावच्या शाळेत मी अनवाणी गेले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शिकून शहरात आले ती पोरीला जास्त मिळावं म्हणून, आणि नेमकं हेच तिच्या वाट्याचं कमी झालं.

"त्या झाडापर्यंत," मी म्हटलं. ती गेली. झाडाला हात लावून पुढेही गेली.

परतताना आम्ही दुभाजकावर अडकलो. समोरून एक डंपर असा गेला की पायाखालची फरशी हलली.

"आई, हात दुखतोय."

"दुखू दे," मी म्हटलं. "रोज इथूनच यायचंय आपल्याला."