परतबघे यांचा शिक्का

विमानदुरुस्तीच्या हँगरात त्यांना सगळे 'परतबघे' म्हणत. ते त्यांचे आडनाव नव्हते. कोणी काम झाल्याचे सांगत आला, की ते चष्मा कपाळावर सारून एवढेच म्हणत, 'परत बघ.' छत्तीस वर्षांत या दोन शब्दांनी त्यांचे खरे नाव गिळून टाकले. एका जुन्या शिष्याने तर लग्नाच्या आमंत्रणावर 'श्री. व सौ. परतबघे' असेच लिहिले, आणि पत्र बिनचूक पोहोचले.

या विद्येला बाहुबळ फारसे लागत नाही. लागते ती एक दुर्मीळ वृत्ती: आपल्या हातांवर प्रेम करावे, पण त्यांचा भरवसा धरू नये. इंजिनावरचे बोल्ट कंपनाने सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या माथ्यांतल्या छिद्रांतून बारीक पोलादी तार ओवून पिळून ठेवतात. बोल्ट सुटू लागला तर ताणल्या गेलेल्या तारेने त्याला अडवावे, अशी तिची दिशा साधावी लागते. परतबघ्यांनी पिळलेली तार सोनाराने पाहत राहावी अशी असे. उरलेले टोकही ते आत वळवीत, कारण पुढे केव्हातरी तेथे हात घालणाऱ्या अनोळखी माणसाचे बोट सोलवटू नये. मग कामाच्या कार्डावर आपल्या क्रमांकाचा शिक्का उमटवीत. हे मी केले आणि मी पाहिले, अशी ती शपथच होती.

त्या दिवशी सकाळी त्यांनी डाव्या इंजिनाच्या इंधन-गाळणीचे काम केले, शिक्का मारला आणि दुपारी घरी आले. चहा पिताना पत्नीने नेहमीप्रमाणे विचारले, आज काय काम होते. ते सांगू लागले. जुनी गाळणी काढली, नवी बसवली, झाकणाचे चार बोल्ट आवळले, मग हात धुतले. बोल्ट आवळणे आणि हात धुणे यांच्यामध्ये तार असायला हवी होती. ती त्यांना आठवेना. डोळे मिटून त्यांनी पुनःपुन्हा शोधले, पण त्या जागी पांढऱ्या भिंतीसारखे काहीतरी होते. कप खाली ठेवून त्यांनी पाळीप्रमुखाला फोन लावला. विमान संध्याकाळी सुटणार होते.

पाळीप्रमुख त्यांचाच शिष्य. त्याने आधी समजूत घातली, मग कुरकुर केली. कार्डावर त्यांचाच शिक्का होता, आणि इंजिन उघडायचे तर उड्डाणाला उशीर ठरलेला.

"मास्तर, चूक झाली आहे असं वाटतंय का तुम्हाला?"

"चूक झाली असं म्हणत नाही. मला आठवत नाही, एवढंच म्हणतो. मी येईपर्यंत सोडू नकोस."

इंजिनाचे आवरण उघडले तेव्हा ते शिडीवर सर्वांच्या पुढे होते. तार जागेवर होती. पीळ समान, दिशा अचूक, टोक आत वळवलेले. हात निःसंशय त्यांचाच. खाली उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी हसून म्हणाले, की परतबघ्यांनी आता स्वतःलाही सोडले नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ते मात्र कठड्याला धरून सावकाश उतरले आणि पाळीप्रमुखाच्या टेबलावर त्यांनी आपला शिक्का ठेवला.

तो गोंधळला. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. चूक काही निघाली नाही, मग शिक्का परत घेण्याचे कारण काय लिहू, असे त्याने विचारले.

"चूक निघाली असती तर शिक्का मी माझ्याकडेच ठेवून घेतला असता. चुकलेली तार कुणालाही दिसते रे. माझं विसरणं कुणाला दिसणार? शिक्का मारतो म्हणजे मी पाहिलं असं सांगतो. आज तर मी ते पाहिलंच नव्हतं. हातांनी आपलं आपण उरकलं."

घरी पत्नी दारातच उभी होती. काय निघाले, असे तिने विचारले. सगळे बरोबर होते, असे ते म्हणाले. यावर 'सुटलो बाई' असे काहीतरी तिने म्हणायला हवे होते. त्याऐवजी ती आत वळून खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता त्यांना उमगले.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.

"दोन महिने झाले असतील. एकच गोष्ट परत परत विचारता. परवा माझ्या भावाची चौकशी केलीत, आणि हात पुसून होतात न होतात तोच पुन्हा केलीत."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, बोलले असते तर त्याच दिवशी शिक्का ठेवून आला असता. चौदा महिने कसेही निघतील म्हटलं. तुमचे हात तर कधी चुकत नाहीत."

ते रागावले नाहीत. तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि पुन्हा फोन उचलला. गेल्या दोन महिन्यांत त्यांचा शिक्का ज्या ज्या कार्डावर उमटला होता, ते प्रत्येक काम उघडून दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यावे, असे त्यांनी सांगितले. पलीकडून पाळीप्रमुखाने हलक्या आवाजात विचारले, अशी कामे साधारण किती असतील?

"ते मला विचारू नकोस," ते म्हणाले. "कार्डं काढ."