दिवसभराची ड्यूटी

इन्सुलिनची बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरायची आणि समईची वात वळावी तशी हलक्या हाताने वळायची, मनातल्या मनात वीस आकडे मोजत. तळाशी बसलेलं औषध सारखं व्हावं म्हणून मामांचं हे रोजचं काम. हात मात्र वात वळणाऱ्याचे नव्हते. ऐन उमेदीत त्यांनी वाशीच्या बाजारात कांद्याची पोती उचलली होती. त्या तळव्यांत ती एवढीशी बाटली दिसायचीसुद्धा नाही. दुकानात कुणी तसली बाटली खाली-वर हलवून बघायला लागलं की मामा ओरडायचे, "ताक हाय का ते? घुसळू नगा. वळा, वळा."

नवी मुंबईत सीवूड्सला माझं औषधांचं दुकान आहे. मामा समोरच्या सोसायटीत दिवसपाळीचे वॉचमन होते. त्यांना नाव होतंच, बिलावर मी ते कितीदा तरी लिहिलं, पण सगळ्यांचे ते मामा. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनचं आडनाव तुम्हाला माहीत आहे का? बघा आठवून.

रोज सकाळी आठला मी शटर वर करत असे तेव्हा मामा पायरीवर बसलेले असायचे. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "ताई, ड्यूटीवर आलात का?" जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी ड्यूटीवर तरी असायची, नाहीतर सुट्टीवर. डॉक्टर ड्यूटीवर. नळाचं पाणी सुट्टीवर. मामी चिडल्या असल्या की, "आज आमची सरकार डबल ड्यूटीवर हाय." साखर वाढली की हळू आवाजात, "काल लग्नात जेवलो वो. साखर ओव्हरटाइम करती."

मूळचे ते साताऱ्याकडचे. इथे जवळच करावे गावातल्या एका खोलीत ते आणि मामी राहायचे. घरात फ्रिज नव्हता. वाळू भरलेल्या ओल्या मडक्यात इन्सुलिनची बाटली ठेवायची आणि मडक्यावर ओलं फडकं टाकायचं, ही मामींची व्यवस्था. इन्सुलिन गढूळ दिसायचं म्हणून दोघंही त्याला दूध म्हणायची. सकाळचं दूध, रातचं दूध. मला गंमत वाटायची. मी ती इतर गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचे, त्यात मामांचं बोलणंही उचलायचे. आता ते आठवलं की लाज वाटते.

दुधाने एवढ्यात त्यांना त्रास व्हायला लागला होता. गेटवरच्या माणसाला जेवायची वेळ आपल्या हातात नसते. टँकर आला, कुणाचं सामान आलं, की डबा तसाच राहायचा आणि अकरा-बाराला साखर उतरून हातपाय कापायचे. शेवटी डॉक्टरांनी इन्सुलिन बदलायचं ठरवलं. दिवसातून एकदा घ्यायचं, हळूहळू आणि सारखं काम करणारं, लांब पल्ल्याचं इन्सुलिन. कागदावर त्यांनी दोन नावं लिहिली होती आणि मामांना सांगितलं होतं, दुकानात विचारून बघा, मिळेल ते ठरवू.

मामांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "तुमीच निवडा ताई. पोरगी बघायला गेल्यागत दोन-दोन दावल्यात मला."

निवडण्यात मी काहीही कसर ठेवली नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. दोन्ही खोकी काढली. एक रोज ठरलेल्या वेळीच घ्यावं लागणारं, दुसरं वेळ थोडी मागेपुढे झाली तरी सांभाळून घेणारं. कुठलं दर महिन्याला नक्की मिळेल, कुठलं इंजेक्शनचं पेन त्या जाड बोटांना फिरवता येईल, ते पाहिलं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मामा घड्याळावर चालणारे आहेत, पहिलंच द्या. सगळं मिळून अर्धा तास गेला. तेवढ्यात काउंटरवर पाच-सहा माणसं साचली.

मामांनी पेन उजेडात धरलं. आतलं इन्सुलिन स्वच्छ, नितळ.

"हे तर पानी हाय."

"असंच असतं, मामा."

"दुधाच्या जागी पानी? ह्याच्यानं भागंल?"

"भागेल. दिवसभराचं आहे ते. सकाळी एकदाच घ्यायचं."

"दिवसभराचं," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "मग घरातल्या दुधाचं काय करू?"

मागून कुणीतरी पाच रुपयांच्या बामसाठी घाई करत होतं. मी म्हणाले, "ते परत नाही घेत हो आम्ही. फ्रिजचा माल आहे."

मामांनी मान हलवली, पेन रुमालात गुंडाळलं आणि गेले.

पुढचे चार दिवस ते रोज पायरीवर यायचे. "पानी ड्यूटीवर रुजू झालं," असं पहिल्या दिवशी म्हणाले. तिसऱ्या दिवशी, "सकाळी जरा घाम सुटतूय, डोकं हलकं होतंय." मी म्हणाले, नवीन आहे, डॉक्टरांना दाखवून घ्या. हे मी पोळीला तूप लावता लावता बोलावं तसं बोलले.

पाचव्या दिवशी पायरी रिकामी होती. दहाच्या सुमाराला त्यांच्या शेजारचा रिक्षावाला सांगत आला. मामा पहाटे उठेचनात. अंथरूण घामाने भिजलेलं, डोळे अर्धे उघडे, मामी हाका मारतायत आणि ओळख नाही. त्यानेच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं होतं. साखर तळाला गेली होती. आणखी उशीर झाला असता तर माणूस हातचा गेला असता.

तीन दिवसांनी मामा आले. पायरीवर बसले नाहीत, काउंटरशी उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता.

"माझीच चूक झाली, ताई. डाक्तरला बी मी तेच सांगितलं. म्हणलं ताईनं बराबर सांगितलं व्हतं, मीच दोन्ही घेतली."

"दोन्ही?" मला काहीच कळेना. "दोन्ही कशाला घेतलीत?"

"तुमी म्हणला न्हवं, दिवसभराचं हाय. म्हंजी दिवसपाळीचं. आता दिवसाचा वाचमन आठला घरी जातो, मग रातीला गेटवर दुसरा लागतोच की. म्हणून रातचं दूध चालूच ठेवलं."

चोवीस तासांचं, असं मी म्हणाले असते तर? दूध आता बंद, घरी आहे ते टाकून द्या, एवढं म्हणाले असते तर? त्यांनी तर विचारलंही होतं, दुधाचं काय करू. त्यांचा प्रश्न औषधाचा होता आणि मी उत्तर दुकानदाराचं दिलं. ज्या माणसाला सगळं जग पाळ्यांमध्ये दिसतं त्याच्यापुढे मी "दिवसभराचं" म्हणाले, आणि त्याने तो शब्द अगदी बरोबर, त्याच्या धंद्यातल्या अर्थाने घेतला.

हे सगळं मला त्या क्षणी कळलं होतं. तरी माझ्या तोंडून काय निघालं, ऐका.

"मामा, नीट ऐकत जा हो. जिवाशी खेळ झाला असता."

"व्हय ताई," मामा म्हणाले.

बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर माझी चूक कशी कबूल करायची, एवढाच विचार माझ्या मनात होता. उद्या सकाळी आठला सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा खरंच सांगणार होते.

उद्या काही आला नाही. म्हणजे मामा आले, पण पहिल्यासारखे नाही. चुकीचं ऐकतो म्हणून स्वतःच्या कानावरचा त्यांचा भरवसा उडाला. गेटवर कुणी फ्लॅट नंबर सांगितला की तीनदा विचारायचे. लोक वैतागायचे. इंजेक्शन आता मामी द्यायच्या. ड्यूटीचे विनोद बंद झाले. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "काय मामा, साखर ड्यूटीवर आहे का?" ते कसनुसं हसले आणि म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं. मामीला इचारा."

त्या दिवशी तरी सांगायचं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

दिवाळीनंतर सोसायटीने नवा वॉचमन आणला आणि मामा-मामी गावी गेली. जाताना मामा दुकानात आले, मी बँकेत गेले होते. मी परत आले तेव्हा काउंटरवर गुळाच्या चिक्कीचा पुडा होता. साखर असलेल्या माणसाने आणलेली चिक्की.

दीड वर्षाने मामी दुकानात आल्या. कपाळ रिकामं. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "झोपेतच गेले. छातीत दुखलं. साखरेचं काय न्हवतं." आता त्या लेकीकडे नावड्याला राहत होत्या आणि त्यांनाही साखर निघाली होती. त्यांनी कागद पुढे केला. त्यावर तेच नाव होतं, मामांसाठी मी निवडलेलं.

"नावड्याला दुकानं हायती की," मामी म्हणाल्या, "पर म्हणलं ताईकडनंच समजून घ्यावं. ह्यांच्यासारखं व्हायला नगं. जाईस्तोवर म्हणायचे, ताईनं नीट सांगितलं व्हतं, मला अडाण्यालाच उलटं ऐकू आलं."

दुकानात त्या वेळी कुणी नव्हतं. असतं तरी मी बोलले असते, असं म्हणायला मला आवडेल.

"मामी, मामांनी बरोबर ऐकलं होतं. मीच चुकीचं सांगितलं. जुनं बंद करा, हे मी बोललेच नाही."

मामी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग हे त्यांना सांगायचं व्हतं की वो, ताई."

मी पेन काढून दिलं. चोवीस तासांचं आहे, दिवसाचं आणि रात्रीचं, दुसरं कुठलंही इन्सुलिन घ्यायचं नाही, असं दोनदा सांगितलं आणि त्यांच्याकडून वदवून घेतलं. त्यांनी ते नीट म्हणून दाखवलं. मग सवयीने पेन दोन्ही तळव्यांत धरलं आणि हळूहळू वळायला लागल्या, ओठांत आकडे मोजत. पाण्यासारखं इन्सुलिन वळावं लागत नाही. ते मी त्यांना सांगितलं, पण वीस आकडे होऊ दिले.